चौदा कॅरटचा कायदा

चीनच्या लढाईच्या वेळी गावोगावच्या बायकांनी संरक्षण निधीला अंगावरचे डाग काढून दिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी 1963मध्ये, सरकारनं सुवर्ण नियंत्रणाचे नियम लावले. अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. 14 कॅरटच्या वरच्या कसाचा नवा दागिना घडवायचा नाही, असा हुकूम. कारण कागदावर खोटं नव्हतं. आपल्याकडचा सोन्याचा भाव परदेशातल्या भावाच्या जवळपास दुप्पट, म्हणून चोरटं सोनं किनाऱ्याला उतरत होतं आणि परकी चलन बाहेर जात होतं. दंडुका उगारला तस्करावर, बसला खेड्यातल्या सोनारावर.

आमच्या माणदेशी गावात सोनाराचं एकच घर. ओसरीवर शेगडी, फुंकणी, मूस, ऐरण आणि गुंजांचा डबा, भांडवल म्हणावं तर एवढंच. घरात विकायला सोनं कधी नसायचंच. सोनं गिऱ्हाईकाचं, घडणावळ सोनाराची, तीही बऱ्याचदा ज्वारीत. 22 कॅरटचं सोनं मऊ, हाताला वळणारं. 14 कॅरट म्हणजे 24 भागांत 14 भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. "हातुडीखाली तडकतंय हो," सोनार म्हणायचे. आणि बाया म्हणायच्या, "एवढं तांबंच गळ्यात घालायचं तर घरचा तांब्या काय वाईट?"

शहरात दागिना म्हणजे हौस असेल. माणदेशात पावसाचा भरवसा नाही. पिकलं त्या वर्षी पुतळी करायची, नाही पिकलं त्या वर्षी मोडायची, आणि त्यातून बियाणं, बैल, विहिरीचं काम भागवायचं. कसाची खात्री देणारा आणि अडल्या वेळी मोडीचा खरा भाव सांगणारा माणूस सोनारच. 14 कॅरटचा डाग उद्या मोडायला नेला तर हातात काय येणार, हे बायकांना दिल्लीच्या आधी कळलं. लग्नं काही थांबली नाहीत. कुणी आईच्या पुतळ्या तशाच लेकीच्या गळ्यात घातल्या, कुणी रात्री दार लावून घडवून घेतलं.

देशभरातून सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा सवलती आल्या. पुढं जुना डाग मोडून त्याच कसाचा नवा करायची मुभा मिळाली, 1966मध्ये 14 कॅरटची अटही उठली. पण 1968च्या कायद्यानं परवाने, नोंदवह्या आणि तपासण्या पक्क्या केल्या. पेठेतल्या सराफाला वह्या लिहायला कारकून ठेवता आला. आमच्या सोनारांनी घड्याळं दुरुस्त केली, स्टोव्ह नीट करून दिले, भांड्यांवर नावं घातली. थोरला मुलगा पुण्याला कारखान्यात लागला. ऐरणीपुढं परत कुणी बसलं नाही.

1990मध्ये तो कायदा रद्द झाला, तेव्हा अर्थमंत्री राजापूरचे खासदार मधु दंडवते होते. मधे 27 वर्षं गेली होती. गावातल्या बायका तोवर एसटीनं तालुक्याला जाऊन काचेच्या कपाटातला तयार डाग घेऊ लागल्या होत्या. मोडायलाही तिथंच जायचं, आणि घट किती धरायची ते सराफ सांगेल तसं.