विशल्या कोणती?

अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत गुडूचीच्या, म्हणजे गुळवेलीच्या, पर्यायांत ‘अमृता’ आहे, तशीच ‘विशल्या’ही आहे. त्याच वर्गांत पुढें अग्निशिखेच्या पर्यायांत ‘विशल्या’ पुन्हां येते. ही अग्निशिखा म्हणजे आपली कळलावी. एकीच्या पानांची भाजी करितात; दुसरीच्या कंदांतील कोल्चिसीन प्राण घेतें, व शिजविल्यानेंही तें जात नाहीं. वैद्यकाच्या पोथींत नुसती ‘विशल्या’ आढळली तर अर्थ कोणता लावावा?

प्रत्यक्ष वनस्पती पाहणारास हा घोटाळा पडत नाहीं. घोडेगांवाकडे (ता. नेवासें) कडुलिंबावर चढलेली गुळवेल आम्हीं नेहमीं पाहतों. तिचें पान हृदयाकार असतें. कळलावीचें पान लांबट. त्याचें टोंकच तणाव्यासारखें वळून आधार धरतें.

खरी फसगत होते ती गुळवेलीच्या सख्ख्या बहिणीपाशीं. गुळवेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, तर ही टिनोस्पोरा क्रिस्पा. ‘छिन्नरुहा’, ‘चक्रलक्षणिका’ हीं निघंटूंतील नांवें मोठीं मार्मिक खरीं. तोडलेला तुकडा रुजतो, आडव्या कापांत चक्र दिसतें. परंतु हीं दोन्ही लक्षणें क्रिस्पासही लागू पडतात! भेद पाहावयाचा तो कांडावर. क्रिस्पाचें जून कांड दाट गांठींनीं खडबडीत असतें; गुळवेलीस तशा गांठी नसतात. गुळवेलीच्या फुलास पाकळ्या सहा, क्रिस्पाच्या तीन. गुळवेलीचें फळ गोल व तांबडें, क्रिस्पाचें लांबट व नारिंगी.

हा वाद केवळ पंडिती नव्हे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळांत मुंबईंत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचा वृत्तांत २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावर वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाहीं, अशी हरकत आयुष मंत्रालयानें घेतली. ओळखीची ही अपेक्षा आम्हांस रास्त वाटते. मात्र तेवढ्यावरून खरी गुळवेल सर्वथा निर्दोष ठरली असें आम्ही मानीत नाहीं; २०२२ सालीं अनेक केंद्रांतील त्रेचाळीस रुग्णांचा तशाच इजेचा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. ‘अमृता’ या नांवाचा पुरावा येथें उपयोगी नाहीं.

संग्राहकांस आमची विनंती एवढीच, कीं निघंटूच्या पोथींत समासांत कोणीं देशी नांव लिहून ठेविलें असेल, तर नक्कल करितांना तें गाळूं नये. मूळ श्लोक छापील ग्रंथांत मिळेल. पोथी बाळगणाऱ्या वैद्यानें ‘विशल्या’पुढें ‘गुळवेल’ लिहिलें होतें कीं ‘कळलावी’, हें दुसरीकडे कोठेंही मिळणार नाहीं.