सीमेपलीकडचे शस्त्र

गेल्या भाद्रपदाच्या अखेरीस अमेरिकेहून आमच्या थोरल्या आतेबंधूंचे पत्र आले. गेली पंधरा वर्षे ते ज्या राज्यात राहत आले, तेथील बंदुकीचे कायदे अलीकडे फार जाचक झाले आहेत. म्हणून राहते घर विकून ते टेक्सासला बिऱ्हाड हलवीत आहेत, असे त्यांनी कळविले होते. त्या देशात हे नवल नव्हे. तेथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असल्यामुळे केवळ माणसेच नव्हेत, कारखानेही सोयीचा कायदा पाहून स्थलांतर करतात. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड गावी दीडशेहून अधिक वर्षे नांदलेल्या स्मिथ अँड वेसन या पिस्तुले बनविणाऱ्या कंपनीने २०२३ साली आपले मुख्यालय टेनेसी राज्यात नेले. पण दादांच्या पत्राचा शेवट आम्हांला अस्वस्थ करून गेला. त्यांनी लिहिले होते, "तू तंजावरचा इतिहास वाचत असतोस. आपले पूर्वज व्यंकोजीराजांच्या फौजेबरोबर तलवार घेऊनच तर आले ना? जेथे शस्त्राला मान, तेथे आपले घर, हीच आपली परंपरा. मग मी वेगळे काय करतो आहे?"

आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून. पापनाशम्‌ला राहतो आणि रोज सकाळच्या गाडीने तंजावरला जातो. पापनाशम् हे कुडमुरुट्टीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भाताचे गाव. येथे पाहण्यासारखे जुने काही असेल, तर ते तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिरातील नायककालीन धान्याचे प्रचंड कोठार. तोफ पाहावयाची तर तंजावरला जावे लागते. तेथे पूर्वेकडील बुरुजावर घडीव लोखंडाची, सुमारे पंचवीस फूट लांबीची राजगोपाल तोफ अजून पडून आहे. या दोन वास्तूंच्या मधल्या रेल्वेप्रवासात दादांच्या प्रश्नावर विचार करावयास आम्हांला भरपूर अवकाश मिळाला. त्या विचाराचे फळ वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक साधी गोष्ट सांगावयास हवी. दादांनी अमेरिकेत जे केले ते आज भारतात करताच येणार नाही. शस्त्रे, अग्न्यस्त्रे व दारूगोळा हा विषय आपल्या घटनेने संघसूचीत, पाचव्या क्रमांकावर, घातला आहे. १९५९ चा शस्त्र कायदा काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच आहे. पापनाशम्‌चा मनुष्य नागपुरास गेला काय किंवा गोव्यात गेला काय, परवाना त्याच कायद्याखाली लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे बहुतेकांना दोनांहून अधिक बंदुका बाळगता येत नाहीत. अपवाद म्हणून बोट ठेवावे असे एक स्थळ आहे, ते कोडगू. तेथील कोडव जातीच्या लोकांना आणि जम्मा जमिनीच्या धारकांना परवान्यातून सूट आहे. ती इंग्रजांनी १८६१ साली दिली आणि आपल्या सरकारनेही चालू ठेवली. परंतु ही सूट कुळाला व जमिनीला जोडलेली आहे. मडिकेरीत भाड्याने घर घेतल्याने ती कोणाला लाभत नाही.

मात्र हे आजचे झाले. एके काळी आमच्या या कावेरीच्या मुखाशी कायद्यांच्या सीमा एकमेकींना खेटून उभ्या होत्या. तरंगंबाडी १६२० साली रघुनाथ नायकांनी डेनमार्कच्या लोकांना दिली. कारैकालची कथा तर आपल्याच घरची आहे. १७३८ साली गादीच्या तंट्यात सापडलेल्या तंजावरच्या भोसले राजाने पैशाच्या आणि मदतीच्या आशेने ते बंदर फ्रेंचांना देण्याचे कबूल केले. पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी तेथे पाय रोवला आणि प्रतापसिंहांच्या कारकीर्दीत आसपासची गावेही मिळविली. आपले आसन राखण्यासाठी दुसऱ्याच्या शस्त्राचा आधार घ्यावा आणि त्याची किंमत जमिनीत मोजावी, असा तो व्यवहार होता. अशाच व्यवहारांच्या शेवटी १७९९ चा तह आला आणि सरफोजीराजांकडे किल्ला व त्याचा परिसर एवढेच उरले.

त्यानंतर दक्षिणेत निःशस्त्रीकरणाचे पर्व सुरू झाले. पाळेगारांचे बंड मोडल्यावर १ डिसेंबर १८०१ रोजी मद्रासच्या गव्हर्नराने जाहीरनामा काढून दक्षिणेकडील पाळेगारांच्या मुलखात शस्त्रे बाळगण्यास बंदी केली आणि किल्ले पाडण्याचा हुकूम दिला. तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी १८५५ साली निपुत्रिक वारले, तेव्हा संस्थान खालसा झाले. राजवाड्यातील शस्त्रागाराची गत त्यानंतर जी झाली ती वाचून मन विषण्ण होते. निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयाकडे गेली. उरलेली, पिढ्यान्‌पिढ्या जमलेली कट्यारी-तलवारींची रास मोडून भंगाराच्या भावाने विकण्यात आली. वॉलहाउस नावाच्या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याने या शस्त्रागारावर 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात टिपण लिहिले ते १८७८ साली. त्याच वर्षी लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्र कायदा केला. परवान्यावाचून एतद्देशीयाने बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरला आणि युरोपियनांना मात्र नियमांनी सूट मिळाली. या अपमानाची बोच किती खोल होती हे राष्ट्रसभेच्या इतिहासावरून दिसते. १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव झाला. पुढे १९३० साली गांधीजींनी आयर्विनसाहेबांपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांतही आत्मरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत ही एक मागणी होती. अहिंसेच्या प्रवर्तकालाही ती घालावीशी वाटली, यावरून तिच्यामागील स्वाभिमान ओळखावा. दादांच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे तो येथे, आणि तो आम्ही नाकारीत नाही.

ज्यांना हा कायदा बदलता येत नव्हता त्यांनी मग सीमा शोधल्या. बंगाल्यात कलकत्त्याजवळ फ्रेंचांचे चंद्रनगर होते. तेथे इंग्रजांचा शस्त्र कायदा लागू नव्हता, त्यामुळे युरोपातून पिस्तुले मागविता येत. स्वतः इंग्लंडातही तीच विसंगती होती. त्याच बादशहाच्या राजधानीत टपाल कचेरीतून दहा शिलिंगांचा परवाना घेतला की पिस्तूल विकत मिळे, आणि टॉटनहॅम कोर्ट रोडवर पैसे भरून नेमबाजीचा सराव करता येई. मदनलाल धिंग्रांनी तेथेच हात साधला आणि १ जुलै १९०९ रोजी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात पाठविली. त्यांपैकी एकाने २१ डिसेंबरला नाशिकच्या नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा बळी घेतला. अनंत कान्हेरे तेव्हा अगदी तरुण होते. पुढच्या एप्रिलात ठाण्याच्या तुरुंगात ते फासावर गेले.

या कथेचा तमिळ अध्याय आमच्या शेजारचा आहे. लंडनमध्ये सावरकरांचे निकटचे सहकारी असलेले तिरुच्चिरापल्लीचे व. वे. सु. अय्यर १९१० साली वेश पालटून पुदुच्चेरीस पोहोचले. कवी सुब्रह्मण्य भारती तेथे १९०८ पासून होते आणि अरविंद घोषही त्याच वर्षी येऊन राहिले होते. फ्रेंचांच्या त्या छोट्या शहरात अय्यरांनी तरुणांना पिस्तूल चालविण्यास शिकविले. वांचिनाथन हा त्यांचा एक शिष्य. १७ जून १९११ रोजी मणियाच्ची स्थानकावर त्याने कलेक्टर अ‍ॅश यांना ठार केले आणि तत्क्षणी स्वतःवरही गोळी झाडून घेतली.

आता प्रश्न असा की, सीमेपलीकडच्या त्या सवलतीचे पुढे काय झाले? चंद्रनगरच्या मेयराने इंग्रजांच्या दडपणाखाली शस्त्रांच्या आयातीस बंदी केली. ११ एप्रिल १९०८ रोजी त्याच्या घरावर बाँब टाकला गेला आणि तो बचावला. पुदुच्चेरीत अ‍ॅशच्या वधानंतर परक्या रहिवाशांसाठी नवा नियम झाला, त्याप्रमाणे पाच प्रतिष्ठित नागरिकांचा दाखला आणल्यावाचून राहता येईना. गुप्त पोलिसांचा पहारा तर दारोदार होता. एकदा अय्यरांच्या विहिरीत राजद्रोही कागदपत्रांनी भरलेले भांडे कोणी टाकून ठेवले. ते वेळीच हाती लागले आणि त्यांनी स्वतःच पोलिसांना वर्दी दिली म्हणून तो डाव फसला. परक्या राज्याच्या सौम्य कायद्याचा आसरा घेणारा मनुष्य त्या राज्याच्या मर्जीवर जगतो. शेजारच्या बलाढ्य सत्तेने डोळे वटारले की ती मर्जी फिरते. कारैकाल देणाऱ्या राजाला जे कळले नाही तेच पुदुच्चेरीत आश्रय घेणाऱ्यांना रोज अनुभवावे लागले.

आणि तरीही अय्यरांची ती दहा वर्षे वाया गेली नाहीत. ज्या घरावर पहारा होता त्याच घरी बसून त्यांनी तिरुक्कुरळाचे इंग्रजी भाषांतर केले, तमिळ लघुकथेला नवे वळण दिले. १९२० साली माफी मिळून ते परतले, वृत्तपत्र चालविले, पुन्हा तुरुंगात गेले आणि तेथे कंब रामायणावर लिहिले. पुढे चेरन्‌महादेवीला त्यांनी गुरुकुल काढले. तेथे काही ब्राह्मण मुलांच्या वेगळ्या पंक्तीवरून मोठा वाद पेटला. तो डाग त्यांच्या नावावर राहिला, हेही लिहिले पाहिजे. त्यांचा शेवट जून १९२५ मध्ये झाला. तिरुनेलवेलीकडील एका धबधब्यात वाहून जाणाऱ्या मुलीला वाचविण्यासाठी त्यांनी उडी घेतली आणि दोघेही बुडाले. त्या स्थळाचे नावही पापनाशम्‌च. आमच्या गावाचा पत्ता सांगितला की अनेक जण धबधब्याची चौकशी करतात, आणि तो आमचा नव्हे असे सांगताना आम्हांला प्रत्येक वेळी या पुरुषाची आठवण होते.

कारैकाल व पुदुच्चेरी १ नोव्हेंबर १९५४ रोजी भारताकडे आली आणि ती सीमा पुसली गेली. त्यापूर्वीच सीमेची गरजही संपली होती. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत म्हणून गणला होता. १९४८ साली घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी तो घटनेत घालावा अशी सूचना मांडली, डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. आमच्या मते या इतिहासातील महत्त्वाचा क्षण तोच. १८७८ चा कायदा आपल्यावर लादलेला होता. १९४८ चा नकार आपल्याच प्रतिनिधींनी भर सभेत वाद करून दिला. ज्याला मत नाही त्याने सीमा ओलांडली तर इतिहास त्याला दोष देणार नाही. ज्याला मत आहे त्याने बिऱ्हाड हलविण्यापूर्वी शेजाऱ्यांशी वाद घालून पाहावा, एवढी अपेक्षा मात्र इतिहास करतो.

दादांना आम्ही उत्तर लिहिले ते याच आशयाचे. पूर्वज तलवार घेऊन आले हे खरे. पण त्यांना येथे पावणेदोनशे वर्षे राज्य करता आले ते कालवे, देवळे, अन्नछत्रे आणि पोथ्या सांभाळून. राजवाड्यातील शस्त्रागार भंगारात गेले. त्याच राजवाड्यातील सरस्वती महाल आजही उभा आहे आणि भोसल्यांच्या वंशाचा मराठी शिलालेख बृहदीश्वराच्या भिंतीवर आजही वाचता येतो. परंपरेचा दाखला हवा असेल तर तो तेथे मिळेल. घरात बंदूक ठेवावी की न ठेवावी हे त्यांनी आपल्या मुलाबाळांकडे पाहून ठरवावे. आमच्या पूर्वजांची साक्ष त्यासाठी काढू नये.

उलट टपाली त्यांचा एकच प्रश्न आला, "मग खंडेनवमीला तुम्ही पूजा कशाची करता?" पत्र पोहोचले त्या दिवशी नवमीच होती. येथे खंडेनवमी आणि सरस्वतीपूजन एकाच दिवशी येते. सकाळी कचेरीतल्या शिक्क्यांना, स्टेपलरला आणि संगणकाला गंध-कुंकू लावून आम्ही घरी आलो. देवघरात आईने पाटावर विळी, अडकित्ता, भाताचा कोयता आणि आजोबांची मोडी दौलतीची वही मांडून ठेवली होती. त्या पाटाचे छायाचित्र काढून आम्ही दादांना पाठविले.