पुणतांब्याचा चितळकर

विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशे जरा दम खातात, तेव्हा बँडवाला हमखास ‘अलबेला’तली एखादी चाल काढतो. मग साठी ओलांडलेले काकाही पाय जागेवर ठेवून, हात सैल सोडून भगवानदादांच्या ढंगात डुलू लागतात. मुंबईत असो की आमच्या सुरतेत, हे दृश्य सारखेच. नाच भगवानदादांचा, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण पडद्यावर भगवानदादांच्या ओठांवर आलेला आवाज कोणाचा आणि ती चाल कोणाची, असे विचारले की आमच्या मंडळातली तरुण मुले एकमेकांकडे बघतात. दोन्ही एकाच मराठी माणसाचे. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र.

जन्म १२ जानेवारी १९१८, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. गोदाकाठचे, चांगदेव महाराजांच्या समाधीचे हे गाव. सुरतेहून शिर्डीला जाणाऱ्या आमच्यातल्या कितीतरी कुटुंबांनी या नावाची पाटी पाहिली असेल, पण गाडी तिथे थांबवलेली कोणी ऐकिवात नाही. गाण्याचे शिक्षण पुण्यात, विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली. म्हणजे पाया पक्का ग्वाल्हेर गायकीचा. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे याच माणसावर ‘पाश्चात्त्य धांगडधिंगा’ आणल्याचा आरोप झाला.

मुळात त्यांना व्हायचे होते नट. वयाच्या सतराव्या वर्षी, १९३५ साली, ‘नागानंद’ या बोलपटात थेट नायकाची भूमिका मिळाली. चित्रपट पडला. नंतर सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये ‘सैद-ए-हवस’, ‘आत्मतरंग’ अशा चित्रपटांत किरकोळ कामे आणि जोडीला हार्मोनियमवर साथ. नायक म्हणून आलेल्या मुलाने पेटीवाल्याच्या जागी बसायचे, हे सोपे नसणार. पण नशीब उघडले ते त्या पेटीनेच. स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधीही मिळाली ती तमिळ चित्रपटांत! त्यानंतर मित्र भगवान पालव यांच्या ‘सुखी जीवन’ने (१९४२) हिंदीत नाव झाले.

अमेरिकेत १९३०-४०च्या दशकांत बेनी गुडमन, ग्लेन मिलर यांच्या मोठ्या बँडांचा जमाना होता. ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट यांच्या रांगाच्या रांगा, आणि पुढे उभा गायक. ही हवा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलापर्यंत पोहोचली होती आणि ती वाजवणाऱ्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने होते. पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली. (तेव्हा सुरतही मुंबई राज्यातच होते, आणि दारूबंदी म्हणजे काय, हे आम्हा गुजरातवासीयांना कोणी सांगायला नको.) हॉटेलांतले नाचगाणे ओसरले आणि हे वादक अधिकाधिक सिनेमाच्या रेकॉर्डिंगकडे वळले.

रामचंद्रांनी त्यांना नुसते वाजवायला बसवले नाही, आपले सहकारी केले. हल्दोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ‘चिक चॉकलेट’, हे त्यातले सर्वांत गाजलेले ट्रंपेटवादक. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पेटीवर चाल बांधायची रामचंद्रांनी. ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहायचा गोव्याच्या मंडळींनी. ‘अलबेला’त (१९५१) चिक आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. पुन्हा बघाल तेव्हा मागे वाजवणाऱ्यांकडे जरूर लक्ष द्या. ‘आशा’ (१९५७) मधल्या ‘ईना मीना डीका’ची कथा अशी सांगतात की, बाहेर खेळणाऱ्या मुलांची बडबड कानावर आली, त्यावरून मुखडा सुचला आणि गोव्याच्या साहाय्यकाने ‘मला नको’ या अर्थाचे कोंकणी शब्द त्यात घातले. कथा खरी असो वा रंगवलेली, ते शब्द गाण्यात आहेत हे तर खरेच.

आरोप अगदीच खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. ‘समाधी’तले (१९५०) ‘गोरे गोरे’ सरळ एका लॅटिन अमेरिकन चालीवरून घेतलेले आहे. पण त्याच माणसाने तीन वर्षांनी ‘अनारकली’ दिला, आणि त्यातला भीमपलास ऐकला की विनायकबुवांचा शिष्य कुठे गेला होता, हा प्रश्न उरत नाही. ‘आझाद’साठी (१९५५) नौशाद यांनी बराच वेळ मागितला आणि रामचंद्रांनी महिन्याभरात सगळी गाणी उरकली, असेही सांगितले जाते. त्यातल्या युगुलगीताला तलत महमूद मिळेनात, तर स्वतःच ‘चितळकर’ या नावाने गायले. संगीतकार सी. रामचंद्र, गायक चितळकर. पुष्कळांना ही दोन माणसे वाटत.

आमच्या वडिलांच्या पिढीने ही गाणी रेडिओ सिलोनवर ऐकली, कारण केसकर मंत्री असताना आकाशवाणीने सिनेसंगीत जवळपास हद्दपार केले होते. एका मराठी माणसाने दार लावले आणि दुसऱ्याची गाणी सिलोनच्या खिडकीतून आत आली! मंडळाच्या जुन्या बैठकांतही ‘गणपतीपुढे असली गाणी नकोत’ असा आग्रह धरणारे वडीलधारे होते. आमचे वडील त्यांतलेच. घरी मात्र दाढी करताना ‘अलबेला’ गुणगुणत.

२७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ गायले. कवी प्रदीप यांचे शब्द, चाल याच चितळकरांची. दर २६ जानेवारीला आमच्या कचेरीच्या आवारात ते गाणे लागते. संगीतकाराचे नाव घेतलेले आम्ही एकदाही ऐकले नाही.

उतारवयात ते मराठीकडे आले. ‘धनंजय’ (१९६६) आणि ‘घरकुल’ (१९७०) हे चित्रपट काढले, त्यांना संगीत दिले आणि त्यांत कामही केले. ‘नागानंद’मध्ये हुकलेली हौस तीस वर्षांनी थोडीफार फिटली असावी. ‘घरकुल’मधले ‘पप्पा सांगा कुणाचे’ आमच्या घरांतून अजून गायले जाते. माडगूळकरांच्या ‘गीतगोपाल’ला त्यांनी चाली दिल्या, १९७७ साली ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र लिहिले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गेले. चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर होता.

यंदा पाचव्या दिवशी मंडळात जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आहे. यादीत चितळकरांची चार गाणी आली आहेत. प्रत्येक गाण्याआधी संगीतकाराचे नाव घ्यायचे, हे निवेदकाला आम्ही आधीच लिहून दिले आहे. आणि पुणतांब्याचा उच्चारही.