मंदिराचे दार आठवते, वाचनालयाचे दार का आठवत नाही?

अमरावतीच्या इतिहासात अंबादेवीच्या मंदिराचे दार आपल्याला पाठ आहे. १३ आणि १४ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. मंदिरप्रवेशाचा प्रश्न तिथे गाजला. डॉ. पंजाबराव देशमुखांसारखे लोक पाठीशी उभे राहिले आणि पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. मंदिराचे दार आणि विहिरीचा काठ, या दोन्हींचा इतिहास आपण दरवर्षी भाषणांतून सांगतो. पण त्याच अमरावतीत, त्याच अकोल्यात तिसरे एक दार होते. ते वाचनालयाचे. त्याचा इतिहास आपण लिहिला नाही. आणि लिहिला नाही म्हणूनच आज ते दार आपल्या तेरा ते अठरा वर्षांच्या पोरापोरींसाठी अर्धवट बंद आहे, हे आपल्या लक्षात येत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

वऱ्हाडात वाचनालये आली ती कापसाच्या पैशाच्या काळात. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला, १८६० च्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव मिळाला. शहरात वकील, कारकून, मास्तर, अडते यांचा वर्ग तयार झाला आणि या वर्गाने वर्गणी काढून वाचनालये उभी केली. अकोल्याचे बाबुजी देशमुख वाचनालय हे त्या जुन्या परंपरेतले. या संस्थांनी भाषेची मोठी सेवा केली, हे आम्ही नाकारत नाही. पण प्रश्न विचारलाच पाहिजे की ही वाचनालये ज्या काळात 'सार्वजनिक' होती, त्या काळात 'सर्वजन' कोण होते? ज्या मुलाला शाळेत वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवले जाई, ज्याला तहान लागली तर वरून कोणी पाणी ओतेपर्यंत थांबावे लागे, तो मुलगा संध्याकाळी वाचनालयाच्या टेबलाशी जाऊन वर्तमानपत्र उघडेल, हे शक्य होते काय? त्याच्यासाठी दारावर पाटी लावायची गरजच नव्हती. वर्गणी, ओळख आणि आडनाव एवढ्या तीन कड्या पुरेशा होत्या.

कायद्याचा इतिहास पाहा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाडचा सत्याग्रह त्याच पायावर उभा राहिला. पण त्या यादीत ग्रंथालय हा शब्द नव्हता. शिवाय वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते, मध्यप्रांताला जोडलेले होते; म्हणजे तो ठराव आपल्याला लागूही नव्हता. पुढे संविधान सभेत, २९ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेत, प्रा. के. टी. शाह यांनी एक सुधारणा मांडली. तिच्यात सार्वजनिक ठिकाणांची लांब यादी होती आणि तिच्यात ग्रंथालयेही होती. ती सुधारणा स्वीकारली गेली नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये शेवटी 'सार्वजनिक उपयोगाच्या जागा' असा व्यापक अर्थाचा शब्दप्रयोग आला. सरकारी पैशावर चालणारी जागा त्यात येतेच. म्हणजे हक्क मिळाला, पण नाव घेऊन नाही. आणि ज्या हक्काचे नाव घेतले जात नाही, तो मागायचीही सवय लागत नाही.

आता दुसरा इतिहास पाहू. हा आपला आहे.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहणारा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होता. घरात वाचायला जागा नव्हती. शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. त्याच बागेत विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. त्यांनी या मुलाला पाहिले, चौकशी केली, आपल्याकडची पुस्तके वाचायला दिली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा जी सत्काराची सभा भरली, तिचे अध्यक्ष बोलेच होते. आणि त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. त्या भेटीपासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरपर्यंतचा रस्ता आपण जाणतोच.

या प्रसंगातून आपण फक्त केळुसकरांचा मोठेपणा सांगतो. आम्ही त्यात आणखी काही पाहतो. किशोरवयीन मुलाला तीन गोष्टी मिळाल्या: बसायला मोकळी जागा, अभ्यासक्रमाबाहेरचे पुस्तक आणि 'काय वाचतोस?' असे विचारणारा मोठा माणूस. या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याला ग्रंथालय म्हणतात. भीमरावाला त्या एका बागेत, योगायोगाने मिळाल्या. चळवळीचे काम म्हणजे हा योगायोग प्रत्येक मुलासाठी व्यवस्थेत बदलणे.

बाबासाहेबांनी नेमके तेच केले. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची उद्दिष्टे काढून पाहा. पहिले वसतिगृहांतून शिक्षणप्रसार. दुसरे वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासमंडळे काढून संस्कृतीचा प्रसार. महाडच्या तीन वर्षे आधी, चळवळीच्या जन्मपत्रिकेतच वाचनालय आहे! आणि ते कागदावर राहिले नाही. १९२५ च्या सुरुवातीला सोलापूरला हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह निघाले. विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले. मुंबईत मोफत वाचनालय उघडले. त्याबरोबर महार हॉकी क्लब काढला, तो कशासाठी? तरुण पोरे जुगार आणि दारूच्या नादी लागू नयेत म्हणून.

हॉकी आणि वाचनालय एकाच सभेच्या एकाच कार्यक्रमात होते, हे आपण विसरलो. पोराला आधी हातात काठी आणि चेंडू द्या, मग मासिक द्या, मग त्यात लिहायला सांगा. वयात येणारे मूल गप्प बसून राहत नाही, त्याला काहीतरी करायचे असते, हे १९२४ मध्ये बाबासाहेबांना कळले होते.

जगात इतरत्रही वाचनालयाचे दार पोरांनीच उघडले आहे. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल शहरात गोऱ्यांचे मुख्य ग्रंथालय वेगळे आणि काळ्यांसाठी छोटी शाखा वेगळी होती. १६ जुलै १९६० रोजी आठ कृष्णवर्णीय विद्यार्थी मुख्य ग्रंथालयात गेले, पुस्तके घेऊन शांतपणे वाचत बसले आणि अटक झाले. त्यांत १८ वर्षांचा जेसी जॅक्सन होता. सप्टेंबरमध्ये शहराने ग्रंथालय बंदच करून टाकले. पण त्याच महिन्यात ते सर्वांसाठी उघडावे लागले. चवदार तळ्यावर पाणी पिणे हा जसा सत्याग्रह होता, तसा तिथे पुस्तक वाचणे हा सत्याग्रह होता.

मग आज आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. संस्थांनी ग्रंथालय चालवायचे, सरकारने अ, ब, क, ड वर्ग ठरवून अनुदान द्यायचे, अशी त्याची रचना. तामिळनाडूत १९४८ च्या कायद्याने घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला. आपल्या कायद्यात असा उपकर नाही. त्यामुळे ग्रंथालय कायम अनुदानाच्या हप्त्यावर आणि वर्गणीवर जगते. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, तो शाळेत ग्रंथालय असावे म्हणतो, पण त्याची हद्द १४ वर्षांपर्यंत. चौदाव्या वर्षी शाळेचे कपाट सुटते आणि अठराव्या वर्षी स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका सुरू होते. मधली चार वर्षे कोणाची? वाचनालयात एका कोपऱ्यात बालविभाग असतो, तिथे या मुलांना लाज वाटते. मोठ्यांच्या टेबलाशी बसले की 'पोट्ट्यायचं इथं काय काम' असे ऐकावे लागते. अनामत रक्कम मजुराच्या घरातून निघत नाही. आणि मुलगी असेल तर संध्याकाळी सात वाजता तिला घरी पोचायचे असते, म्हणजे वाचनालयाची गर्दीची वेळ तिच्यासाठी नाहीच.

पण आम्ही फक्त दुसऱ्यांकडे बोट दाखवणार नाही. आपल्या वस्त्यांतल्या विहारांत गेल्या काही वर्षांत अभ्यासिका निघाल्या, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांतून पोरे नोकरीला लागली. पण तिथल्या कपाटात काय आहे? गाईड, प्रश्नसंच, चालू घडामोडी. एखाद्या पोराने कादंबरी काढली की आपलाच कार्यकर्ता म्हणतो, 'अभ्यासाचं वाच बे, हे काय कामाचं?' हे वाक्य आम्हीही म्हटले आहे. १४ एप्रिलला इर्विन चौकात, अशोक वाटिकेत आणि ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवर आपण पिशव्या भरून पुस्तके विकत घेतो. ती घरी येऊन फोटोखालच्या फळीवर बसतात. ती पोरांच्या हातात कोणत्या दिवशी जातात?

आमचे काही मित्र म्हणतात, आधी पोटाचा प्रश्न, मग साहित्य. त्यांना आम्ही सांगतो की बाबासाहेबांनी १९२४ मध्ये, आजच्यापेक्षा कितीतरी भुकेल्या समाजात, वाचनालय मागे ठेवले नाही. दुसरे म्हणतात, पोरे मोबाईलमध्ये बुडाली आहेत, ती वाचणार नाहीत. मोबाईल त्याला अनामत मागत नाही, आडनाव विचारत नाही, सात वाजता बंद होत नाही. ज्या दारात कोणी हटकत नाही तिथे मूल जाते. दोष द्यायचा तर आधी आपल्या दाराला द्या.

म्हणून अमरावती-अकोल्यातल्या कार्यकर्त्यांसमोर आम्ही चार गोष्टी ठेवतो. एक, अनुदान घेणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयाकडे तेरा ते अठरा वयोगटासाठी अनामतीशिवाय सभासदत्व आणि स्वतंत्र टेबल मागा; ही विनंती नाही, करातून चालणाऱ्या जागेवरचा हक्क आहे. दोन, मुलींसाठी शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतची वेळ राखून ठेवा. तीन, प्रत्येक विहाराच्या अभ्यासिकेत एक कपाट गाईडविना ठेवा. त्यात आत्मकथने, विज्ञान, प्रवास, कथा असू द्या, आणि आठवड्यातून एकदा पोरांनीच वाचलेल्यावर बोलावे. चार, सोलापूरच्या मुलांसारखे एक हस्तलिखित मासिक आणि त्याला जोडून एक मैदान. चेंडू असेल तर पोरे येतील, पोरे आली तर पुस्तक फिरेल.

आणि पाचवी गोष्ट पैशाने होत नाही. प्रत्येक वाचनालयात संध्याकाळी एक माणूस असा बसवा, जो पोराला हटकणार नाही, मार्क विचारणार नाही, फक्त एवढेच विचारेल की काय वाचतोस? काय वाचतेस?

जयभीम.