दारूचा मक्ता आणि तिजोरीचें व्यसन

मद्याचें व्यसन पिणाऱ्यास जडतें, ही गोष्ट कोणास सांगावी लागत नाहीं. परंतु मद्यावर कर घेणाऱ्या सत्तेसही त्या उत्पन्नाची चटक लागते आणि ती सुटणें तितकेंच कठीण असतें, हें मुंबई इलाख्याच्या इतिहासावरून ध्यानांत येण्यासारखें आहे.

ठाणें-कुलाब्याच्या रानांत चैत्राच्या सुमारास मोहाखालीं फुलांचा सडा पडतो. वारली, कातकरी, ठाकूर हीं फुलें वेंचून सुकवीत. टंचाईच्या दिवसांत तीं शिजवून खात आणि लग्नकार्यांत त्यांचीच दारू गाळीत. १८७८ च्या अबकारी कायद्यानें मद्य गाळण्याचा व विकण्याचा सर्व व्यवहार सरकारी परवान्याखालीं आला. गांवोगांवच्या लहान भट्ट्या मोडून मोठ्या भट्टीची दारू मक्तेदाराच्या दुकानांत येऊं लागली. मक्तेदारास ठरीव रक्कम सरकारांत भरावी लागे. ती भरून नफा उरावयाचा, तर खप वाढविणें त्यास प्राप्तच होतें. १८९२ सालीं खास मोहाच्या फुलांचा कायदा झाला आणि रानांतलें फूल बाळगण्यावरही निर्बंध आले.

सणावारीं घरीं निघणारी दारू आतां रोज रोकडीनें मिळूं लागली. मजुरी हातीं पडली कीं मजुराची पावलें गुत्त्याकडे वळत, आणि घरची चूल पेटण्यापूर्वीं निम्मी कमाई दुकानदाराच्या गल्ल्यांत गेलेली असे. बायकोचा डाग सावकाराकडे जाई, मुलाची शाळा सुटे, आणि पिणारा स्वतः यकृत निकामी होऊन ऐन उमेदींत अंथरूण धरी.

याविरुद्ध आवाजही येथेंच उठला. पुणें नगरपालिकेचे सभासद असतां महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८० सालीं दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ च्या एप्रिलमध्यें लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें पुण्यांतील गुत्त्यांपुढें स्वयंसेवक उभे राहिले. पिणाऱ्यास परत फिरण्याची विनंती करणें, एवढाच त्यांचा कार्यक्रम. तरी कांहींवर खटले झाले. फुले आणि टिळक यांचे मार्ग भिन्न, परंतु या एका प्रश्नावर दोन्ही पक्ष एकाच बाजूस दिसतात.

१ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली. बुडालेलें उत्पन्न भरून काढण्यासाठीं मंत्रिमंडळानें शहरांतील घरमालमत्तेवर शेंकडा १० कर बसविला. थोड्याच महिन्यांत, नोव्हेंबरमध्यें, तें मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडलें. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला; परंतु त्याच्या मागोमाग चोरटी हातभट्टीही आली. पुढें परवान्यांचीं दारें एकेक उघडत गेलीं, आणि कायदा पुस्तकांत राहूनही मद्याचा पैसा पुन्हां तिजोरींत वाहूं लागला.

गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालीं दारूबंदी झाली, ती गांवकऱ्यांनीं आणि विशेषतः स्त्रियांनीं मागणी लावून धरली म्हणून. शेजारच्या चंद्रपुरांत २०१५ सालीं आलेली बंदी २०२१ सालीं उठली. सरकार आपल्या जमेचा हिशेब वर्षाअखेर मांडतें. मजुराची बायको मात्र घराचा हिशेब रोज तिन्हीसांजेला दारांत उभी राहून करीत असते. आणि या साऱ्या इतिहासांत तिचा हिशेब फार थोड्यांनीं विचारला.