बंड, माफी आणि जमीन

पुरंदर किल्ला आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच्या रखवालीचा हक्क रामोशांकडे वंशपरंपरेने चालत आलेला. १८१८ साली पेशवाई बुडाली, कंपनी सरकार आले. रखवाली गेली, आणि तिच्यामागोमाग वतनेही गेली. त्यात १८२४ चा दुष्काळ. हाती तलवार आणि कणगीत दाणा नाही! भिवडीच्या उमाजी नाईकांनी बंड केले.

सरकारने फौज पाठवली, बक्षिसे लावली. पण डोंगरवाटा रामोशांच्या पायाखालच्या. शेवटी सरकारनेच हात टेकले, १८२८ च्या सुमारास उमाजींना माफी दिली, जमीन दिली आणि बंदोबस्ताच्या कामावर घेतले.

वर्गात हे सांगितले की मुले विचारतात, "सर, मग पुन्हा बंड का झालं?" मला वाटते, सरकारने माणसाशी तह केला, तक्रारीशी नाही. नाईक पगारी झाले. वतनांचा प्रश्न लोंबकळत राहिला. १८३१ साली उमाजींनी इंग्रजांविरुद्ध जाहीरनामाच काढला. त्या डिसेंबरात ते पकडले गेले आणि १८३२ मध्ये पुण्यात फाशी गेले.

तुम्ही म्हणाल, ते सरकार परके होते. खरे आहे. पण आपल्या सरकारचीही परीक्षा झालीच. मिझो डोंगरात १९५९ साली बांबू फुलला, उंदीर माजले, त्यांनी पीक खाल्ले आणि दुष्काळ पडला. मदत अपुरी पडली. दुष्काळनिवारणासाठी निघालेली लालडेंगांची संघटनाच पुढे राजकीय पक्ष बनली आणि १९६६ साली तिने स्वातंत्र्य पुकारून शस्त्र उचलले. ठाणी लुटली जात असताना सरकारने गप्प बसावे, असे कोणी म्हणणार नाही. पण ऐजॉलवर आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकले, खेडीच्या खेडी उठवून सडकेकडेला वसवली. माझ्या मते ती चूकच. घर सोडावे लागलेल्या म्हातारीने कुठे बंड केले होते?

बोलणी रखडली, मोडली, पुन्हा जुळली. ३० जून १९८६ रोजी करार झाला. बंडखोरांनी शस्त्रे ठेवली, वेगळ्या देशाची मागणी सोडली. मिझोरामला राज्याचा दर्जा मिळाला, आणि जमिनीची मालकी व रूढीचे कायदे यांबाबतचा संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेच्या संमतीशिवाय लागू होणार नाही, असे घटनेतच लिहिले गेले. पुरंदरला राहून गेले ते हेच.

लालडेंगा मुख्यमंत्री झाले. १९८९ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला. तो जंगलात परतला नाही; विरोधी बाकांवर जाऊन बसला.