पिकअप ट्रक थांबताना बसणारा ठोका

मागच्या चाकांवर चालणारी जुनी पिकअप गाडी थांबता थांबता किंवा थांबल्यावर क्षणभराने मागून ‘ठक्’ असा एकच आवाज देते आणि बसल्या जागी धक्का जाणवतो. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत शक्ती पोचवणाऱ्या भागांच्या साखळीत साठलेला ताण किंवा झिजेमुळे पडलेला प्ले एकदम सुटतो, तेव्हा हा ठोका बसतो. निदानाचे बहुतेक काम आवाज नेमका केव्हा येतो हे ओळखण्यात आहे. ते न करता सुटे भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो आणि ठोका तसाच राहतो.

रचना : अशा गाड्यांत शिडीसारखी चासी, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि त्याला धरणारे कमानपाटे असतात. पाटे ओझे तोलतात आणि अ‍ॅक्सलला पिळू न देण्याचे कामही त्यांच्यावरच असते. ब्रेक लागला की अ‍ॅक्सलचे हाउसिंग चाकांच्या दिशेने वळू पाहते, पिनियनचे तोंड खाली झुकते, गाडी पुढे दबते आणि मागून उचलली जाते. गाडी थांबली की हे सगळे उलट फिरून पूर्ववत होते. या हालचालीत गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल यांच्यातले अंतर काही मिलिमीटरने कमीजास्त होते. ते सांभाळण्यासाठी प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाला खाचांवर पुढेमागे सरकणारा स्लिप योक असतो, तर कोनातला बदल युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस सांभाळतात. मोटारगाडीसाठी या जॉइंटला बंदिस्त रूप देणारे पेटंट अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांना १९०३ मध्ये मिळाले. आजचे क्रॉसही मूळ तत्त्वाने फारसे वेगळे नाहीत.

स्लिप योक : थांबल्यानंतर क्षणभराने, मागून कुणी हलकेच गाडी टेकवावी तसा धक्का बसत असेल, तर पहिला संशय इथे घ्यावा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत ब्रेकवर पाय असतानाही इंजिन शाफ्टला पुढे रेटतच असते. त्या रेट्याने खाचांचे दाते एकमेकांवर दाबले जातात. वंगण सुकलेले असेल तर योक सरकण्याऐवजी अडकतो, पाट्यांचा ताण वाढतो आणि मग एका झटक्यात सुटतो. अमेरिकेत १९९९ पासून आलेल्या पिढीतील शेवरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा या गाड्यांत ही तक्रार इतकी सर्रास होती, की उत्पादकाने डीलरांसाठी सेवापत्रक काढले आणि पुढे निकेलचा मुलामा दिलेला योक उपलब्ध केला. नुसते ग्रीस भरले तरी ठोका जातो, पण अनेकदा काही महिन्यांनी परततो. ग्रीस बेताचेच लावावे. आतली हवा निघायला वाट उरली नाही तर योक पुरता आत जात नाही.

सर्वांत उपयोगी चाचणी फुकट होते. मोकळ्या रस्त्यावर हळू चालवत असताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून नेहमीसारखा ब्रेक लावावा. ठोका नाहीसा झाला तर तो इंजिनच्या रेट्याशी बांधलेला आहे : योक, वाजवीपेक्षा जास्त आयडलिंग, किंवा थांबण्याच्या जरा आधी गिअरबॉक्सचे दुसऱ्यावरून पहिल्यावर उतरणे. कायम राहिला तर पाटे, त्यांचे बुश, यू-बोल्ट आणि ब्रेक यांच्याकडे वळावे. रिव्हर्स घेतल्यानंतर पहिल्याच ब्रेकला एकदा वाजून थांबणारा आवाज बहुधा ड्रममधले ब्रेक शू जागा बदलताना येतो. त्याचा शाफ्टशी संबंध नसतो.

क्रॉस : उभ्या गाडीत गिअर पुढेमागे टाकताना, तसेच अ‍ॅक्सिलरेटर सोडताना-दाबताना ठोका येत असेल, तर क्रॉस तपासावा. चाकांना पुढूनमागून ठोकळे लावावेत, इंजिन बंद करून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि मगच गाडीखाली जावे. जॉइंटच्या दोन्ही बाजूंचे योक दोन हातांनी धरून उलटसुलट पिळावेत. चांगल्या क्रॉसमध्ये जाणवण्याजोगा प्ले नसतोच. कपाच्या कडेला विटकरी भुकटी दिसली तर आतल्या सुयांचे ग्रीस संपून गंज धरला आहे असे समजावे. शाफ्ट उतरवल्यावर क्रॉस हाताने वळवताना मधेच अडखळला, तर सुयांनी त्याच्या दांड्यांवर चरे पाडलेले असतात. असा क्रॉस पुन्हा बसवू नये. शाफ्ट काढण्यापूर्वी योक आणि पिनियन फ्लँजवर खुणा कराव्यात. जुनी जागा चुकली तर ठोका जाऊन थरथर येते. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये सेंटर बेअरिंगचे रबर फाटलेले नाही ना, तेही याच वेळी पाहावे.

इतर ठिकाणे : यू-बोल्ट सैल असला तर पाट्याच्या बैठकीवर घासून चकाकी आलेली दिसते. तुटलेल्या सेंटर बोल्टमुळे अ‍ॅक्सल पुढेमागे सरकतो. गिअरबॉक्सच्या फाउंडेशनचे रबर उसवले असेल तर पहारीने हलके उचलताच कळते. डिफरन्शियलचा क्रम मात्र शेवटचा. क्राउन-पिनियनमध्ये साधारण ०.१३ ते ०.२५ मिमी प्ले मुळातच ठेवलेला असतो आणि आतले लहान गिअर, अ‍ॅक्सलच्या खाचा यांची मोकळीक त्यात मिळून शाफ्ट हाताला थोडा फिरतोच. तेवढ्यावरून हाउसिंग उघडायला लावणे हा या कामातला सर्वांत महागडा उतावीळपणा. आधी तेल काढून त्यात धातूचे कण आहेत का ते पाहावे.

महाराष्ट्रात भाजीपाला आणि दूध वाहणाऱ्या टाटा २०७ आणि बोलेरो पिकअप याच घडणीच्या आहेत, पण त्यांत गिअर हाताने बदलावे लागतात. थांबताना क्लच दाबला की इंजिनचा रेटा तुटतो, त्यामुळे योक अडकल्याचा ठोका त्यांत कमी आढळतो. इथे क्लच सोडून गाडी उचलताना येणारा आवाज जास्त बोलका असतो. त्यात क्रॉस आणि पाट्यांचे बुश आधी पाहावेत, आणि चाचणी रिकाम्या तसेच भरलेल्या गाडीवर अशी दोनदा घ्यावी, कारण ओझ्याने पाटे दबले की शाफ्टचा कोन आणि योकची जागा दोन्ही बदलतात.